महासत्तेचा हंडा

आमच्या इमारतीत एक निवृत्त गृहस्थ आहेत. रोज सकाळी वर्तमानपत्र काखेत धरून बागेत फिरतात आणि भेटेल त्याला सांगतात, "आता आपला देश महासत्ता होणार बरं का!" काल त्यांनी मला गाठलं. मी विचारलं, "झाल्यावर काय करणार?" ते गडबडले. "काय करणार म्हणजे? अहो, महासत्ता होणार!" मी काठी टेकत पुढे निघाले. सकाळी सकाळी डोकं फिरवून घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी मला बजावलंय. पण हा शब्द कानावर पडला की माझं डोकं फिरतंच. त्याचा अर्थ मला छापखान्यात सांगितला गेला होता, पण तो कळला मात्र चाळीच्या नळावर, आणि एकदा कळून भागलं नाही.

मॅट्रिक झाल्यावर मी गिरगावातल्या एका छापखान्यात लागले. तिथे एक साप्ताहिक छापलं जायचं. मुद्रितं तपासणारे गृहस्थ समोर बसायचे आणि मी मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट. दिवसभर हेच. संध्याकाळी ट्रामनं परळला परतताना माझा घसा बसलेला असायचा आणि डोक्यात जगभरच्या भानगडी असायच्या. त्या वर्षी तिकडे सुएझच्या कालव्यावरून पेटलं होतं आणि इकडे मुंबईवरून. साप्ताहिकाच्या पहिल्या पानावर दिल्लीला शिव्या आणि शेवटच्या पानावर विलायतेला, अशी सोय होती.

एकदा मुद्रितं तपासणाऱ्यांनी संपादकांना सहज विचारलं, "एका लेखात 'बडी राष्ट्रे' आहे, दुसऱ्यात 'महासत्ता'. दोन्हीकडे एकच करू का?" संपादक तपकीर ओढत होते. डबी तशीच उघडी ठेवून ते उठले.

"मुळीच नाही! महायुद्ध जिंकलं ती पाच बडी राष्ट्रं. जगाच्या पंचायतीत त्यांच्या खुर्च्या कायमच्या. बाकी सगळं जग एका बाजूला असलं आणि त्या पाचांपैकी एकानं जरी नकार दिला, तरी ठराव मेला. पण त्यातली दोन परवा सुएझवर चालून गेली, आणि त्यांच्याहून मोठ्या दोघांनी डोळे वटारल्यावर गुमान परत फिरली. मग ती कसली महासत्ता? महासत्ता म्हणजे जिला 'मागे हो' असं कोणी म्हणू शकत नाही ती!"

छापखान्यातली पोरं हसायला लागली, कारण कालपर्यंत आपल्याला मागे हो म्हणणारे इंग्रज आज स्वतःच मागे झाले होते. मीही हसले, पण माझं हसू वेगळ्याच कारणासाठी होतं. कायमच्या पाच खुर्च्या आणि एकाच्या नकारानं मरणारा ठराव, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी तिथेच राहत होते.

आमची चाळ भोईवाड्याच्या बाजूची, दोन मजली. चौकात एकच नळ. पहाटे पाणी यायचं आणि गिरणीचा पहिला भोंगा झाला की थोड्या वेळात जायचं. बायका रात्रीच हंडे-कळश्या ओळीनं मांडून नंबर लावून ठेवायच्या. पण जिन्याजवळच्या पाच खोल्यांना नंबर नव्हता. त्यांचा हंडा कधीही यायचा आणि सगळ्यांत पुढे लागायचा. त्याला मानाचा हंडा म्हणायचे. कारण असं की, चाळ नवी होती तेव्हा चौकात नळच नव्हता. त्या पाच घरच्या पुरुषांनी म्युनिसिपालटीत खेटे घालून, साहेबांची बोलणी खाऊन तो आणला होता. म्हणून त्यांना पहिलं पाणी, गणपतीत पहिली आरती, आणि चाळीच्या कमिटीत ही रीत की, पाचांपैकी एकानंही 'नको' म्हटलं तर जुनं काही मोडायचं नाही. नळ आणणाऱ्यांतले निम्मे लोक केव्हाच वारले होते, पण मान खोलीला चिकटला होता.

घरटी एक हंडा होता तोवर कोणी कुरकुर केली नाही. मग त्या पाचांतल्या एका काकांनी रस्त्यावरच्या गाळ्यात चहाचं हॉटेल टाकलं. गाळ्याला नळ नव्हता. मानाच्या हंड्यामागोमाग मानाची घागर आली, मानाची बादली आली, आणि मग मानाचं पिंप. हॉटेलातल्या बशा चाळीच्या पाण्यानं विसळल्या जाऊ लागल्या आणि रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या बायका सुकलेल्या नळाकडे बघत राहू लागल्या.

रांगेच्या शेवटी आई असायची. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर अगदी टोकाला, संडासांना लागून. वडील गिरणीतल्या कापसाच्या धुळीनं खोकत घरी बसले होते. आई खानावळ चालवायची. मालवणकडची, गावी बायकापोरं ठेवून आलेली गिरणीतली माणसं दोन वेळ जेवायला यायची. पहिल्या पाळीवाल्यांना भोंग्याच्या आत भात आणि माशाचं सार हवं असे. पाणी नाही तर भात नाही, भात नाही तर जेवणारे नाहीत, आणि जेवणारे नाहीत तर आम्ही काय खायचं? माझा छापखान्याचा पगार वडिलांच्या औषधात जायचा. आई शेजारच्या चाळीतून पाणी आणायला लागली. तिथल्या बायका तोंडावर दार लावायच्या नाहीत एवढंच. भरलेला हंडा घेऊन दोन जिने चढून आली की ती दाराशीच बसायची, आणि मी छापखान्याला निघताना तिला ओलांडून जायचे. मला त्या पिंपाचा इतका राग यायचा की त्याला लाथ मारायची स्वप्नं पडायची.

आणि त्रास असा की, ते काका वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर किती सोपं झालं असतं! संयुक्त महाराष्ट्रासाठी त्यांनी खांद्यावर लाठी खाल्ली होती. सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आले तेव्हा चाळीनं त्यांना हार घातले आणि त्यात आईनं ओवलेला हारही होता. मोर्चाच्या दिवशी त्यांच्या हॉटेलात सगळ्यांना चहा असायचा. त्या चहाचं पाणी कुठलं, हे विचारायची ती वेळ नसायची.

काकांना भाषणाची हौस होती. आवाज खणखणीत, पण मुद्दे संपायचे. चौकात सभा ठरली तेव्हा ते आमच्या खोलीशी आले. "तू छापखान्यात आहेस. जगातलं तुला ठाऊक. मला जरा महासत्तांवर लिहून दे. दिल्लीवाले आपल्याशी तसेच वागतात, असा रोख ठेव."

मी लिहून दिलं, आणि मुद्दाम लिहिलं. संपादकांचे सगळे मुद्दे घातले आणि शेवटी माझं एक वाक्य घातलं. ज्याचा हंडा सगळ्यांच्या मागून येतो आणि सगळ्यांच्या आधी भरतो, ती महासत्ता! म्हटलं, हे वाचताना तरी जीभ अडखळेल. निदान घरी जाऊन बायकोला विचारतील, ही पोरगी कोणाविषयी बोलतेय?

अडखळले कुठले! टेबलावर उभे राहून, मूठ वर करून त्यांनी ते वाक्य असं फेकलं की चौक दणाणला. पुरुष टाळ्या वाजवत होते, गॅलरीतून बायका टाळ्या वाजवत होत्या. मी आईकडे बघितलं. ती दोन्ही हातांनी टाळ्या पिटत होती.

"झक्क बोललो गो तो!" ती म्हणाली. "हंड्याचा काय बरोबर बोललो!"

"आई, अगं तो त्यांचाच हंडा आहे."

"ता माका कळता. पण बोललो तर खरा!"

खाली उतरल्यावर काका माझ्यापाशी आले. घामानं निथळत होते, डोळ्यांत पाणी होतं. "हंड्याचं उदाहरण फार छान बसलं हो. लोकांना असं घरगुती लागतं." दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचा हंडा सगळ्यांच्या मागून आला, सगळ्यांच्या आधी भरला, आणि पाठोपाठ पिंप लागलं. रांगेतल्या एका बाईनं हसू लपवायला तोंडाला पदर लावला. बस्स, एवढंच झालं. माझं वाक्य हवेत विरून गेलं.

मग मात्र मी हट्टाला पेटले. गणपतीआधी चाळीच्या कमिटीची बैठक असायची, रविवारी दुपारी, चौकात सतरंजी टाकून. बायका गॅलरीत उभ्या राहायच्या, बोलायच्या नाहीत. मी खाली जाऊन सतरंजीच्या कडेला उभी राहिले. म्हटलं, "माझ्या आईची खानावळ पाण्यावाचून बंद पडायला आली आहे. मानाचा एक हंडा घ्या, आमची ना नाही. त्यापुढची भांडी रांगेत लावा. एवढंच मागणं आहे."

कमिटीच्या चिटणीसांनी पाच घरांकडे बघितलं. मग जिन्याजवळच्या पहिल्या खोलीतले म्हातारे जॉबर बोलले. गिरणीतल्या साच्यांवर आयुष्यभर देखरेख केलेला माणूस, बोलणं थोडं. "पोरगी बरोबर बोलते. माझी हरकत नाही." दुसऱ्या घरानं मान हलवली, मग तिसऱ्यानं आणि चौथ्यानं. वर गॅलरीत आई कठड्याला धरून उभी होती. मी हात केला. म्हटलं, झालं!

काका उभे राहिले. चेहरा अगदी दुःखी. "हा पाण्याचा प्रश्न नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. माझ्या वडिलांनी साहेबाच्या दारात उभं राहून हा नळ आणला. आज एक घागर काढाल, उद्या आरतीचा मान काढाल. माझा विरोध आहे."

"पण बाकी सगळी चाळ..." मी म्हणाले.

"चाळीचा प्रश्नच नाही. माझा विरोध आहे."

कमिटीचे चिटणीस पुढच्या विषयाकडे वळले. मांडवाला झालर कोणत्या रंगाची लावायची, यावर नंतर बराच वेळ चर्चा झाली. मी तिथे उभीच होते. बसायला कोणी सांगितलं नाही आणि जायलाही कोणी सांगितलं नाही. वर गेले तेव्हा आई तांदूळ निवडत होती. मला मात्र संताप आवरेना. मी भिंतीवर डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. एका माणसाच्या 'नाही'पुढे सगळ्या चाळीचं 'हो' फुकट जातं, ही गोष्ट छापखान्यात मोठ्यानं वाचताना किती लांबची वाटायची!

जेवणारे गळत गेले. त्यांचा दोष नव्हता. भोंगा कोणासाठी थांबत नाही, आणि लालबागेत दुसऱ्या खानावळी होत्या. दोन-चार गाववाले तेवढे आईला धरून राहिले, तेही कधी अर्धाकच्चा भात खाऊन पळायचे. आईची कंबर धरली ती कायमची. मी मोर्चाला जायचे, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' म्हणून घसा फोडायचे, काकांच्या मागोमाग चालायचे आणि मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत असायचे. दिल्लीला विचारलेला एकेक प्रश्न मला त्यांना विचारायचा होता.

शेवटी राज्य झालं. मुंबईसकट झालं. चाळीच्या कठड्यांवर पणत्या लागल्या, लेझीम झाली, काकांनी सगळ्या खोल्यांत पेढे वाटले आणि आमच्या दाराशी येऊन लहान मुलासारखे रडले. मीही रडले. खोटं कशाला बोलू, तो आनंद खराच होता. सकाळी नळाला पाणी आलं आणि नव्या राज्यातला पहिला हंडा त्यांचाच भरला.

त्यानंतर जॉबरांच्या बायकोनं अंथरूण धरलं. आई त्यांच्याकडे दोन्ही वेळ पेज पोचवायची, तिला पुसायची, केस विंचरायची. म्हातारी थोडी सावरली तशी ती दोघं कोकणात गावी परत गेली. जाण्याआधी जॉबरांनी घरमालकाच्या भाडं वसूल करणाऱ्या मेहत्याला बोलावलं आणि आपली खोली आईच्या नावावर करायला लावली. आम्ही संडासाशेजारची खोली सोडून जिन्याजवळ आलो. तिथे दोन खिडक्या होत्या. वडील पहिल्या दिवशी खिडकीतून हटलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तर आई दारात उभी. धुतलेलं लुगडं नेसलेली. मोठा हंडा चिंचेनं असा घासला होता की त्यात तोंड दिसावं. ती खाली उतरली, रांगेकडे न बघता सरळ पुढे गेली आणि हंडा नळाखाली ठेवला. बायका बाजूला झाल्या. मला काय आनंद झाला! वाटलं, कंबरेचं सगळं दुखणं आज वसूल झालं. खानावळीनं पुन्हा जोर धरला. गेलेले जेवणारे परत आले, नवे आले. हंड्यामागून घागर आली. मग आईनं पिंप घेतलं. मी म्हटलं, "आई, पिंप कशाला?" ती म्हणाली, "माणसा वाढली नाय?" ते खरंही होतं.

आमच्या जुन्या टोकाच्या खोलीत एक नवं जोडपं आलं. नवरा गिरणीत बदली कामगार, काम कधी मिळायचं, कधी नाही. बायको घरात पापड लाटायची आणि कडेवर तान्हं मूल. ती रांगेच्या शेवटी असायची. एकदा जिन्यात तिनं मला अडवलं. "ताई, मुलाचे लंगोट धुवायला पाणी राहत नाही हो. तुम्ही पूर्वी कमिटीत बोलला होता ना? पुन्हा बोलाल?"

मी बोलायचं कबूल केलं, आणि खुशीत कबूल केलं. कारण काकांच्या हॉटेलला आता स्वतःचा नळ मिळाला होता. अडवणारं कोणी उरलंच नव्हतं.

पुन्हा रविवारची दुपार, पुन्हा सतरंजी. आता आई गॅलरीत नव्हती. पाच घरांपैकी एक म्हणून खाली बसली होती, पदर नीट करून. मी तेच मागणं तशाच शब्दांत मांडलं. एकेक हंडा मानाचा, बाकी भांडी रांगेत. काका ताडकन उठले आणि त्यांनी चक्क माझी बाजू घेतली. नवं राज्य आलं, जुने मान सोडले पाहिजेत, समतेचे दिवस आहेत, असं बरंच बोलले. टाळ्याही मिळवल्या. तिघांनी माना हलवल्या. चिटणीसांनी आईकडे बघितलं. "मावशी, तुमचं काय?"

"नाय," आई म्हणाली.

मला वाटलं, तिला प्रश्न कळला नाही. "आई, अगं पाण्याचं विचारताहेत. तू..."

"माका कळला. नाय. माका चालाचा नाय."

चिटणीसांनी पुढचा विषय घेतला. टोकाच्या खोलीतली ती मुलगी गॅलरीत कठड्याला धरून उभी होती. मी वर बघितलं नाही.

घरी आल्यावर मी आईवर तुटून पडले. इतकी चिडले होते की आवाज चिरकला. म्हटलं, "तूच टाळ्या वाजवल्या होत्यास ना? ज्याचा हंडा मागून येतो आणि आधी भरतो? आठवतंय? वर्षानुवर्षं सगळ्यांना ऐकवत होतीस ते वाक्य!"

"ती गजाल परदेशाची," आई म्हणाली.

"आणि त्या पोरीची? ती आपल्याच खोलीत राहते. तू उभी असायचीस तिथेच उभी असते."

आई भाताचं आधण ठेवत होती. तिनं झाकण ठेवलं, हात पुसले आणि माझ्याकडे वळली. रागावली नव्हती. मनापासून विचारत होती.

"मी इतकी वर्षां त्या रांगेत उभी रवलंय. तेव्हा माझ्या बाजून कोण उभा रवला?"

मी उभी राहिले होते. तिच्यासाठी, त्याच चौकात, त्याच सतरंजीच्या कडेला, सगळ्या चाळीसमोर, आणि ती वरून बघत होती. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिला ते खरोखरच आठवत नव्हतं.